जास्तीची काठी

१

कातारी कुठलंही काम घेतलं की एक नग जास्तीचा करायचा. सहा खुर्च्यांचे चोवीस पाय सांगितले तर पंचविसावा तयार. पाळण्याच्या आठ दांड्या सांगितल्या तर नववी तयार. बापानं शिकवलेलं होतं. लाकूड आणि जावई कधी फिरतील सांगता येत नाही, असं बाप म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या दारात एखादा पाय तडकला तर तोंड कुठं लपवायचं? म्हणून जास्तीचा हवा. नाहीच लागला तर घरात राहतो, घराच्या उपयोगी पडतो. त्यामुळं काताऱ्याच्या घरात एकही खुंटी दुसरीसारखी नव्हती. सगळं घर दुसऱ्यांच्या घरातून उरलेलं.

पुढच्या खोलीत लाकूड कातायचा लेथ, कामाचं टेबल, हत्यारांचं फळकूट. मागं दोन खोल्या. तिथं तीन महिने तो एकटाच होता.

माणूस रागीट. दुसरा माणूस नाकावर माशी बसू देत नाही. हा बसू द्यायचा, मग मारायचा. चहा पाणचट झाला तरी राग, दार जोरात लागलं तरी राग. बायको म्हणायची, "तुमच्या कपाळावर काडी ओढली तर पेटेल." तोपर्यंत हसण्यावारी चाललं होतं.

मग एक दिवस पोरीनं चालू लेथमध्ये चिंधी टाकून बघितली. काय होतं ते बघायचं होतं तिला. नऊ वर्षांची, घरात तिला भिंगरी म्हणायचे, एका जागी ठरायची नाही. चिंधी सर्रकन गुंडाळली गेली आणि पोरीचा हात चार बोटांवरनं वाचला. कातारी धावला, मशीन बंद केलं. इथपर्यंत त्याचं बरोबर होतं. मग त्यानं पोरीच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती भिंतीला जाऊन लागली. तीन दिवस तिच्या कानात शिटी वाजत होती. चौथ्या दिवशी बायकोनं पिशवी भरली आणि पोरीला घेऊन भावाकडं गेली, चार गल्ल्या सोडून.

पाठोपाठ बालकल्याण खात्याच्या मॅडम आल्या. त्यांनी कागद वाचून दाखवला. कायदा नवा होता. घरातसुद्धा पोराला हात लावायचा नाही.

"पोर माझं, घर माझं," कातारी म्हणाला, "आणि कायदा कुणाचा?"

"पोराचा," मॅडम म्हणाल्या.

राग आवरायला औषधपाणी देतात, बोलून समजावतात, तिथं जा, असंही त्या जाताना सांगून गेल्या.

आता येत्या रविवारी चार वाजता मॅडम दोघींना घेऊन येणार होत्या. घर बघणार, माणूस बघणार. पटलं तर सही करणार, आणि दोघी त्याच दिवशी घरी राहणार. नाही पटलं तर पुढचे सहा महिने नाव काढायचं नाही. कातारी दिवस मोजत होता. कुणाला सांगत नव्हता, पण भिंगरीची चादर त्यानं दोनदा धुऊन वाळवली होती.

२

सोमवारी जुन्या कोर्टातला कारकून आला. कोर्ट नव्या इमारतीत गेलं, जुन्या इमारतीचं संग्रहालय झालं, आणि हा कारकून निवृत्त होऊनही तिथंच चिकटला होता. सोबत हातगाडीवाला, हातगाडीवर पोत्यात गुंडाळलेली एक फळी.

"मिस्त्री, ही दुरुस्त करायची. आणि हिच्या मापाच्या सहा काठ्या कातायच्या. शनिवारपर्यंत."

फळी जाड, काळी पडलेली, एका कोपऱ्याला फाटलेली. मधोमध पितळी कडं बसवलेलं. अंगठा जाईल एवढं भोक.

"हे काय आहे, काका?"

"कायदा आहे," कारकून म्हणाला आणि स्टुलावर बसला. "आधी काय होतं, माणसानं बायको, पोर, गडी, कुणालाही बडवावं. विचारणारं कुणी नव्हतं. मग कायद्यानं बायको वगळली. मग गडी वगळला. शेवटी उरलं पोर. पोराचं म्हणाले, मारा, पण मापात मारा."

"मापात म्हणजे?"

"जितकं वय तितके फटके. मानेच्या वर नाही. आणि काठी या कड्यातून जाईल एवढीच जाड. बापानं काठी घेऊन कोर्टाच्या खिडकीशी यायचं. तिथं ही फळी उभी बसवलेली. काठी गेली तर तिच्यावर शिक्का. नाही गेली तर घरी जा, तासून आण."

कातारी हसला. "म्हणजे वजनमापवाले दुकानात येतात तसं."

"तसंच. आता सहा काठ्या काचेच्या कपाटात लागणार. आणि भिंतीवर शब्द लिहिणार आहेत, मारायचे. तुला किती येतात?"

कातारी पटाशी खाली ठेवून बोटं मोजायला लागला. "टपली. चापट. धपाटा. रट्टा. फटका. गुद्दा. बुक्की. थोबाडीत. कानफटात. कानाखाली जाळ. कान पिळणं. पाठ मऊ करणं. सोलून काढणं. चौदावं रत्न…"

"धम्मकलाडू राहिला."

"चापटपोळी पण." दोघं हसले. मग कातारी म्हणाला, "काका, यात खायचंच फार आहे हो. मार खाल्ला, बोलणी खाल्ली, लाडू, पोळी…"

"पोरं भुकेली असतात," कारकून म्हणाला, आणि उगाच दाराकडं बघत राहिला. "माझा बाप मारून झाल्यावर काठी माझ्याच हातात द्यायचा. जा, जागेवर ठेवून ये, म्हणायचा. त्याचा राग यायचा मला. माराचा नाही यायचा."

३

मंगळवारी कातारी कामाला लागला. पांढरं चिवट लाकूड निवडलं, पट्ट्या चिरल्या, लेथवर चढवल्या. ढलप्या उडायला लागल्या, सगळं नेहमीसारखं. सहा सांगितल्या होत्या. सात केल्या.

सातवी करताना त्याच्या डोक्यात एक विचार आला. ही घरी राहील. मारायला नाही. मारायचं आता बंदच. नुसती दाराच्या मागं उभी करायची. पोरीला दिसली की पुरे. धाक असावा माणसाला. मॅडम आल्या की तेवढ्यापुरती माळ्यावर टाकायची. वाईट काय आहे त्यात?

फाटलेला कोपरा सरसानं चिकटवून त्यानं फळी टेबलाच्या शिकंज्यात उभी आवळली आणि काठ्या घालून बघायला बसला. त्याची एक सवय होती. भोकातून नग घालताना डोळे मिटायचा. डोळा फसवतो, हात फसवत नाही, हेही बापाचंच.

पहिली गेली. सुळकन, लोण्यातून जावी तशी. दुसरी गेली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. पलीकडं भुशाच्या टोपलीत टप, टप पडत गेल्या.

सातवी दोन बोटं आत गेली आणि थांबली.

त्यानं जरा दाबली. जाईना. डोळे उघडले. काठी कड्याला कुठंच घासत नव्हती, भोवती सगळीकडून उजेड दिसत होता. काढली, कॅलिपर लावला. माप बरोबर. सहावीला लावला. तेच माप, केसाचा फरक नाही.

पुन्हा घातली. पुन्हा दोन बोटं. पुन्हा थांबली.

आता लाकूड अडतं तेव्हा हाताला कळतं. कडेला अडलं की खरखर येते, गाठीला अडलं की ठक्क होतं. हे तसलं काहीच नव्हतं. ही काठी मऊ काहीतरी लागून थांबत होती. जरा रेटली की ते मऊ जरा मागं जायचं, आणि मग परत रेटायचं.

कातारी उठला, टेबलाला वळसा घालून फळीच्या मागं गेला. मागं भुशाची टोपली होती. तिच्यात सहा काठ्या. तिच्यापलीकडं भिंत, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

"सरस," तो मोठ्यानं म्हणाला. "सरस उतरला असेल आत."

कड्यात बोट फिरवून बघितलं. कडं कोरडं ठणठणीत होतं.

४

भूतबीत मानणारा माणूस नव्हता तो. कुणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की म्हणायचा, भूत आलं तर त्यालाही एक ठेवून देईन. पण कुतूहल मात्र होतं. तेच भिंगरीत उतरलं होतं; फक्त पोरीत आलं की त्याला ते आगाऊपणा वाटायचं.

बुधवारी त्यानं सातही काठ्यांच्या बुडावर पेन्सिलीनं आकडे घातले. एक ते सात. सातवी अडत होती. बरं, म्हणाला, हिच्या लाकडातच खोट असेल. ही जाऊ दे संग्रहालयात, काचेत कुणाला कळतंय. आपण तिसरी ठेवू घरी.

सातवी घातली. सुळकन गेली.

तो थांबला. हात पाटलोणीला पुसला आणि तिसरी उचलली. दोन बोटं गेली आणि थांबली.

"अरे तुझ्या…"

मग त्याला चेवच आला. पाचवी ठेवायची ठरवली, पाचवी अडली. पहिली ठरवली, पहिली अडली. डोळे मिटून काठ्या मिसळल्या, हाताला येईल ती ठेवू म्हणाला आणि एकेक घालत गेला. सगळ्या गेल्या. तो टोपलीजवळ वाकला, त्यातली एक न बघता काढली, ही आपली, असं मनात म्हटलं आणि घातली. अडली.

सातच्या सात देऊन टाकू, घरी एकही नको, असं ठरवून बघितलं. सातही गेल्या. मग आपलं आपल्यालाच वाटलं, कशाला द्यायची सातवी फुकट, आणि तेवढ्या वाटण्यानं हातातली अडली.

दुपारचे तीन वाजले होते. रस्त्यावरनं कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारणीचा रेडिओ चालू होता. सगळं उघड्या उजेडात चाललं होतं, तेच त्याला फार लागलं. अंधार असता तर म्हणता आलं असतं, दिसलं नाही.

त्याला आपल्या बापाची एक खोड आठवली. चोर पकडायचा असला की बाप ओरडायचा नाही. सगळ्यांना एकेक प्रश्न विचारत बसायचा, आणि ज्याचा आवाज बदलेल त्याच्याकडं नुसतं बघायचा. आता कातारी काठ्यांना प्रश्न विचारत होता, असं त्याला वाटत होतं. मग वाटायला लागलं, की विचारणारा तो नाहीच.

५

गुरुवारी कारकून काम बघायला आला. कातारी सरळ म्हणाला, "काका, ही फळी कोर्टात किती उंचीवर होती?"

"का रे?"

"सांगा तर."

कारकुनानं आपल्या कमरेजवळ हात धरला. "एवढ्यावर. मला पण नवल वाटायचं. मोठ्या माणसानं वाकून घालायची म्हणजे काय."

कातारी फळीकडं गेला. लाकडाचं वाचन त्याला छापील अक्षरापेक्षा बरं यायचं. "हे बघा. ही बापाची बाजू. इथं कड्याभोवती ओरखडे आहेत, काठीचं टोक आपटून आपटून. बरोबर? आता मागची बाजू बघा."

मागं कड्याच्या खाली आणि दोन्ही अंगांना लाकूड गुळगुळीत झालं होतं. उंबरा पायानं होतो तसं.

"हात लागून लागून झालंय हे," कातारी म्हणाला. "पण आपला हात ठेवून बघा. बसत नाही. या खळग्यात मोठ्या माणसाचा पंजा बसतच नाही. मागं पोर उभं असायचं, काका. बाप इकडून घालायचा, पोर तिकडून काढायचं."

कारकुनानं त्या खळग्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "नोंदवहीत एक रकाना आहे. 'काढली.' मला वाटायचं कारकुनानं काढून घेतली. शिक्का मारायला." त्यानं चष्मा पुसला. "पुढं लिहिलेलं असायचं, पोरानं घरी नेली."

"आणि नाही काढली तर?"

"तेही आहे. 'नाही काढली.' पानंच्या पानं आहेत."

"मग काय करायचे?"

"ते लिहिलेलं नाही. त्यापुढं कोरंच आहे."

कातारी फळीकडं बघत राहिला. विचारावं की नाही, असं करत करत त्यानं विचारलं, "काका, पोर कसं अडवत असेल? हातानं धरून?"

"धरलं तर बाप ओढून घेईल," कारकून म्हणाला. त्यानं आपला उजवा पंजा उभा करून समोर धरला, दार लावून घ्यावं तसा. "असं अडवेल." आणि पंजा तसाच धरून बसला. मग त्याच्याच लक्षात आलं, आणि घाईघाईनं हात खिशात घातला. "चहा करतोस का?"

६

शुक्रवारी सकाळी कातारी उठला तो ठरवूनच. सातवी काठी, म्हणजे जी कुठली त्यानं मनात घरची म्हणून धरली होती ती, गुडघ्यावर मोडली. तुकडे चुलीत घातले. त्याच जाळावर चहा केला आणि प्याला. धाक नको, काठी नको, काही नको. रविवारी पोरगी येणार, घर स्वच्छ. मनातसुद्धा काठी नाही.

मग तो फळीपुढं बसला. उरलेल्या सहा घातल्या. सहाच्या सहा गेल्या, टप, टप, टप. त्याला हसू आलं. बाहेरचं कुणी तिथं असतं तर त्याला म्हणाला असता, बघा, मिटलं.

आता इथं उठायला हवं होतं. काम झालं होतं. पण ते कुतूहल. घरात मारायला आता काय उरलं, असा एक प्रश्न डोक्यात आला, आणि त्यानं सहज आपला उजवा अंगठा कड्यात घातला.

अंगठा पेरभर गेला आणि मऊ लागलं.

गरम होतं. जरासं ओलसर, खेळून आलेल्या पोराच्या हाताला घाम असतो तसं. रेटत नव्हतं. नुसतं होतं तिथं. त्यानं अंगठा हलवला नाही. श्वाससुद्धा मागं ओढून धरला. मग ते मऊ अंगठ्याभोवती मिटत गेलं. हळूहळू, एकेक बोट.

त्याला भिंगरी आठवली, पहिल्या दिवसाची. दाईनं कपड्यात गुंडाळून दिली होती आणि तिनं डोळे न उघडता त्याचा हाच अंगठा पकडला होता. तेव्हा तो रडला होता. बायकोशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं.

पण ही पकड तशी नव्हती. तान्ह्या पोराची पकड काहीतरी मागते. ही काही मागत नव्हती. ही धरून ठेवत होती.

तो खाली वाकला. अंगठ्याच्या कडेनं कड्यात थोडी फट होती. त्या फटीला डोळा लावला.

चार बोटं दिसली. कुरतडलेली नखं. घट्ट धरून पेरं पांढरी पडलेली. आणि त्या बोटांच्या मागं आणखी बोटं, आणि त्यांच्याही मागं, गर्दीनं एखादं दार आतून लावून धरावं तशी.

त्यानं हात ओढला. लगेच सुटला. पलीकडं टोपली, भिंत, कॅलेंडर.

अंगठ्याला काही झालं नव्हतं. दिवसभर तो हात धुताना, जेवताना, पाणी पिताना बघत राहिला.

७

शनिवारी हातगाडी आली. फळी पोत्यात गेली, सहा काठ्या सुतळीनं बांधून गेल्या. कारकून म्हणाला, "काम झकास. जास्तीची कुठं आहे? तुझी सवय आहे ना एक जास्त करायची, सगळं गाव सांगतं."

"जाळली."

"बरं केलंस," कारकून म्हणाला, आणि का ते त्यानं विचारलं नाही.

फळी गेली तसं कातारी मोकळा श्वास घेऊन झाडायला लागला. घर लख्ख केलं. हत्यारं फळकुटावर वर नेऊन ठेवली, पोरीचा हात पुरणार नाही अशी.

८

रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना दोघी आल्या, मागं मॅडम. बायकोनं दारातच घर हुंगल्यासारखं केलं. "अहो, झाडलंत? तुम्ही?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

"बारीक झालात."

"तू वाढायला नाहीस म्हणून."

"मी वाढायची तेव्हा मला बोलून बोलूनच पोट भरायचं तुमचं." पण म्हणताना ती हसली, आणि कातारी चटकन पाणी आणायला वळला, तोंड दिसू नये म्हणून.

भिंगरी उंच झाली होती. "बाबा, मामाकडं मांजराला चार पिल्लं झाली. एकाचा डोळा उघडतच नाही. आणायचं का आपण?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही का?"

"बघू म्हणजे बघू गं."

मॅडमनी मागच्या खोल्या बघितल्या, कागदावर खुणा केल्या. बायकोशी हळू आवाजात बोलल्या. कातारी उंबऱ्याशी उभा राहून आपले हात कुठं ठेवावेत याचा विचार करत होता. तेवढ्यात पुढच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग फळकूट वाजलं, आणि मग सगळी हत्यारं एकदम फरशीवर कोसळली.

तो धावला. भिंगरी स्टुलावर उभी. खाली पटाश्या, गिरमिट, करवती पसरलेल्या. बापाच्या हातची सर्वांत जुनी पटाशी टोकाला तुटून पडलेली.

"मी फक्त बघत होते, वर काय ठेवलंय…"

काय झालं ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. हात कधी वर गेला हे कळलंच नाही. मनात काही नव्हतं. राग आलाय हेसुद्धा हात वर गेल्यावर कळलं. हात खांद्यामागं गेला, पुढं निघाला, आणि मध्येच थांबला.

मऊ लागलं. गरम, ओलसर. पूर्ण तळव्याला, बोटाबोटाला. रेटलं तर जरा मागं गेलं, आणि परत रेटलं. आणि त्यानं रेटलं होतं. हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा नाही, दोनदा.

भिंगरी स्टुलावर उभी होती. तिनं आपला पंजा समोर उभा धरला होता. तिचा हात त्याच्या हातापासून चांगला चार फूट लांब होता.

"शाब्बास," मागनं आवाज आला. दारात मॅडम उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यामागं बायको. "बघितलं मी. राग आला, हात उठला, पण आवरलंत स्वतःला. हेच बघायचं होतं." त्यांनी पेन काढलं. बायकोचे डोळे भरले होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याकडं अशी बघत होती.

कातारी हात खाली घेईना. घ्यायला भीत होता.

एक शब्दही बोलायची गरज नव्हती त्याला. गप्प राहिला असता तरी झालं असतं. सही झाली असती, संध्याकाळी तिघं एका ठिकाणी जेवली असती, चादर धुतलेलीच होती.

"मॅडम, सही करू नका," तो म्हणाला.

"काय?"

"मी नाही थांबवला."

"अहो, आम्ही डोळ्यांनी बघितलं," बायको म्हणाली.

"तुम्ही हात थांबलेला बघितला." त्यानं वर राहिलेल्या हाताकडं मान केली. "मी नाही थांबवला तो. मी मारलीच असती. मॅडम, ते औषधपाण्याचं, बोलून समजावतात तिथं जायचं, काय काय म्हणालात ना त्या दिवशी, ते लिहा. मी जाईन. पण पोरगी आज इथं नको. पुढच्या वेळी कुणी नसलं म्हणजे?"

कुणी म्हणजे कोण, असं मॅडमनी विचारलं नाही. त्यांना ते रागाचं बोलणं वाटलं असेल. बायकोला मात्र काहीतरी कळलं. तिनं त्याच्या उचललेल्या हाताकडं बघितलं, मग पोरीच्या हाताकडं, आणि पिशवी परत खांद्याला लावली.

भिंगरी स्टुलावरनं उतरली. जाताना त्याच्यापुढं थांबली. "बाबा, पटाशी माझ्यामुळं तुटली."

"पटाशी तुटायलाच असते गं. जा आता."

"पिल्लाचं?"

"आण. पुढच्या वेळी घेऊन ये."

तो दारात उभा राहून बघत होता. मॅडम पुढं, मागं बायको आणि पोरगी. कोपऱ्यावर रस्ता अरुंद होता, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. मॅडम गेल्या. बायको गेली. भिंगरी मात्र भिंतीला टेकून बाजूला उभी राहिली, आधी कुणाला तरी जाऊ द्यावं तशी. बराच वेळ उभी राहिली. मान हळूहळू फिरवत होती, रांग पुढं सरकावी तशी. मग ती स्वतः वळली आणि दिसेनाशी झाली.

कातारी उन्हात तसाच उभा राहिला. त्याच्या पाठीमागं घर अगदी शांत होतं. ती सगळी पोरं तिच्याबरोबर गेली असतील, तर बरंच झालं. पण तो चौकटीला पाठ लावून उभा राहिला आणि बराच वेळ आत गेला नाही. एखादं त्याच्यासाठी मागं राहिलं असलं, तर त्याच्याशी काय बोलायचं, हे त्याला अजून सुचत नव्हतं.